वहन स्वस्त झाले, हक्क महागच राहिले: निक्लस झेन्स्ट्रॉम यांच्या कारकिर्दीविषयी

प्रश्न असा आहे: ज्या निक्लस झेन्स्ट्रॉम यांनी इंटरनेटवरून बोलण्याच्या स्काइप या सेवेच्या रूपाने आंतरराष्ट्रीय दूरध्वनीचा व्यवसाय मुळापासून हलवला, त्यांना त्यानंतर अवघ्या तीन-चार वर्षांत त्याच पठडीतल्या तंत्रज्ञानावर उभारलेली जूस्ट ही ऑनलाइन व्हिडिओ सेवा का चालवता आली नाही? भागीदार तोच होता, नाव झालेले होते, भांडवलही मुबलक होते. मग या अपयशाला नशीब म्हणायचे की उद्योजकाची चूक?

दूरसंचार जाळ्यांवरून व्हिडिओ पोहोचवणाऱ्या यंत्रणांची आखणी करण्यात माझी बरीच वर्षे गेली आहेत, आणि त्या अनुभवावरून मला या दोन्ही उत्तरांनी समाधान होत नाही. झेन्स्ट्रॉम यांची कारकीर्द नीट पाहिली तर त्यांनी एकच डाव पुन्हा पुन्हा मांडल्याचे दिसते. मधल्या यंत्रणेवर होणारा खर्च काढून टाकायचा आणि तो वापरणाऱ्यांच्या संगणकांवर व त्यांच्या इंटरनेट जोडण्यांवर वाटून द्यायचा, असा तो डाव. ज्या व्यवसायात ग्राहकाने मोजलेल्या पैशांचा मोठा हिस्सा केवळ वहनासाठी जात होता, तिथे त्या डावाने इतिहास घडवला. जिथे वहनाचा हिस्सा लहान होता आणि वाहून नेल्या जाणाऱ्या मालाचा हक्क तिसऱ्याच कुणाच्या हाती होता, तिथे तोच डाव फसला.

झेन्स्ट्रॉम यांचा जन्म १९६६चा, स्वीडनमधला. उप्साला विद्यापीठात त्यांनी व्यवसाय प्रशासन आणि अभियांत्रिकी भौतिकशास्त्र असे दोन्ही विषय घेऊन शिक्षण पूर्ण केले आणि १९९१मध्ये ते टेले-२ या कंपनीत दाखल झाले. त्यांची जडणघडण समजून घेण्यासाठी ही नोकरी मला पदवीपेक्षा महत्त्वाची वाटते. टेले-२ ही यान स्टेनबेक यांच्या किनेविक समूहातली कंपनी होती आणि सरकारी दूरसंचार संस्थेच्या मक्तेदारीला आव्हान देणे हेच तिचे जन्मकारण होते. अशा कंपनीत काम करणाऱ्या माणसाला दूरध्वनीच्या मिनिटाची किंमत कशी ठरते हे आतून दिसते. परदेशी लावलेल्या कॉलचे पैसे अंतरानुसार आकारले जात असले, तरी प्रत्यक्ष खर्च अंतराचा फारसा नसतो. तो असतो कॉल समोरच्या ग्राहकापर्यंत पोहोचवल्याबद्दल पलीकडच्या कंपनीला द्यायच्या टर्मिनेशन शुल्काचा, प्रत्येक सेकंदाची नोंद ठेवणाऱ्या बिलिंगचा आणि या साऱ्यावर मक्तेदाराने चढवलेल्या नफ्याचा. हा नफा कुठे दडलेला आहे ते त्यांना त्या काळातच उमगले असावे, असे त्यांची पुढची पावले पाहता मला वाटते.

टेले-२च्या डेन्मार्कमधल्या कामात त्यांनी यानुस फ्रीस या तरुणाला नोकरीवर घेतले. फ्रीस यांनी शालेय शिक्षण अर्धवट सोडले होते आणि एका इंटरनेट कंपनीच्या ग्राहक मदत कक्षात काम केले होते. पुढे दोघांनी टेले-२च्या एव्हरीडे डॉट कॉम या पोर्टलवर काम केले आणि तिथे एस्टोनियातल्या आहती हेइन्ला, प्रीत कासेसालू आणि यान ताल्लिन या प्रोग्रामरांशी त्यांची गाठ पडली. झेन्स्ट्रॉम आणि फ्रीस यांची नावे वर्तमानपत्रांत झळकली, परंतु ज्या कामाबद्दल आपण बोलत आहोत ते प्रत्यक्षात तालिन शहरातल्या या मंडळींच्या हातून घडले. एखाद्या उद्योजकाची गोष्ट सांगताना हे नेहमी मागे पडते, म्हणून आधीच नोंदवून ठेवतो.

त्यांचे पहिले गाजलेले काम म्हणजे गाणी आणि इतर फाइल्स एकमेकांना देण्याघेण्याचे २००१मधले काझा हे सॉफ्टवेअर. त्याआधीच्या नॅप्स्टर या तशाच सेवेत फाइल्स वापरणाऱ्यांच्या संगणकांवर असत, पण कोणती फाइल कुणाकडे आहे याची सूची कंपनीच्या स्वतःच्या सर्व्हरवर असे, आणि न्यायालयाने त्या सूचीवर बोट ठेवताच सेवा कोसळली. काझाखाली असलेल्या फास्टट्रॅक या प्रोटोकॉलने, म्हणजे संगणकांनी एकमेकांशी बोलण्याच्या नियमावलीने, ती सूचीच विखरून टाकली. ज्या संगणकांची जोडणी वेगवान आहे आणि ज्यांच्यापर्यंत बाहेरून थेट पोहोचता येते, असे संगणक आपोआप सुपरनोड म्हणून निवडले जात आणि आपल्या भोवतालच्या इतर संगणकांची सूची सांभाळत. तांत्रिकदृष्ट्या ही रचना फार सुंदर होती, कारण वापरणारे जितके वाढत तितकी तिची ताकद वाढे. कायद्याच्या दृष्टीने मात्र वाट बिकट झाली, कारण वाटल्या जाणाऱ्या गाण्यांचे हक्क संगीत कंपन्यांकडे होते. नोव्हेंबर २००१मध्ये नेदरलँड्समधल्या न्यायालयाने त्यांच्याविरुद्ध आदेश दिला, मार्च २००२मध्ये वरिष्ठ न्यायालयाने तो फिरवला आणि २००३च्या अखेरीस तिथल्या सर्वोच्च न्यायालयानेही तेच कायम केले. पण तोवर, जानेवारी २००२मध्येच, काझा शरमन नेटवर्क्स या कंपनीला विकले गेले होते. त्या कंपनीला २००६मध्ये संगीत कंपन्यांशी तडजोड करताना दहा कोटी डॉलरहून अधिक रक्कम मान्य करावी लागली. विकताना झेन्स्ट्रॉम आणि फ्रीस यांनी एक गोष्ट आपल्याकडे ठेवली: जाळ्याचा गाभा असलेले तंत्रज्ञान जोल्टिड या त्यांच्या स्वतंत्र कंपनीच्या मालकीचे राहिले. ही गोष्ट पुढे पुन्हा येणार आहे.

काझातला माल संगीत कंपन्यांचा होता. दूरध्वनीत मात्र माल म्हणजे बोलणाऱ्याचे स्वतःचे बोलणे, आणि त्यावर दुसऱ्या कुणाचाही हक्क सांगता येत नाही. सुरुवातीला त्यांच्या मनात वाय-फाय जोडण्या एकमेकांत वाटून घेण्याची कल्पना होती. ती बाजूला पडली आणि २९ ऑगस्ट २००३ रोजी स्काइपची पहिली चाचणी आवृत्ती सर्वांसाठी खुली झाली. इंटरनेटवरून बोलण्याची सोय त्याआधी नव्हती असे मुळीच नाही. अडचण होती ती घरातल्या राउटरची. राउटरच्या आड बसलेल्या संगणकाला बाहेरून कुणी थेट हाक मारू शकत नाही, आणि दोन्ही बाजूंना राउटर असला की त्या काळची बहुतेक सॉफ्टवेअर हतबल होत. मग वापरणाऱ्याने पोर्ट उघडणे, सेटिंग बदलणे असे उद्योग करायचे, जे सामान्य माणूस कधीच करत नाही. स्काइपने हे काम सुपरनोडांवर सोपवले. दोन्ही संगणक आधीच बाहेरच्या एखाद्या सुपरनोडशी जोडलेले असत, त्याच्या मध्यस्थीने ते एकाच वेळी एकमेकांकडे पॅकेट, म्हणजे माहितीचे छोटे तुकडे, पाठवत आणि राउटरमधून वाट काढत. तेही जमले नाही तर तिसऱ्याच एखाद्या संगणकामार्फत आवाज वळवला जाई. वापरणाऱ्याला यातले काहीच कळत नसे. त्याने नाव शोधायचे आणि बटण दाबायचे, एवढेच. माझ्या मते स्काइपच्या यशाचे पहिले श्रेय फुकट असण्यापेक्षाही या सहजतेला जाते.

दुसरे श्रेय आवाजाला द्यावे लागेल. पारंपरिक दूरध्वनी सुमारे ३०० ते ३४०० हर्ट्‌झ एवढ्याच पट्ट्यातला आवाज नेतो, म्हणूनच फोनवर ‘स’ आणि ‘फ’ यांत घोटाळा होतो. स्काइपने ग्लोबल आयपी साउंड या कंपनीचे कोडेक, म्हणजे आवाज आटोपशीर डिजिटल रूपात बदलणारे तंत्र, घेऊन याच्या जवळपास दुप्पट रुंदीचा पट्टा वापरला, त्यामुळे फुकटचा कॉल विकतच्या कॉलपेक्षा स्पष्ट ऐकू येऊ लागला. यासाठी दोन्ही दिशांना साधारण तीस-चाळीस किलोबिटांचा वेग पुरे होई. हा आकडा लक्षात ठेवावा, कारण पुढच्या सगळ्या युक्तिवादाचा तो पाया आहे. त्या काळच्या एडीएसएल, म्हणजे टेलिफोनच्या तारेवरून मिळणाऱ्या, इंटरनेट जोडण्यांवर खाली उतरणारा वेग भरपूर असे आणि वर चढणारा वेग अगदी तुटपुंजा असे, पण आवाज त्या तुटपुंज्या वेगातही आरामात मावत असे. जाळ्यात भर घालणारा प्रत्येक माणूस आपला भार स्वतःच उचलत होता. कंपनीकडे उरले होते ते प्रामुख्याने प्रवेशाची ओळख पटवण्याचे काम. पैसे कुठे घ्यायचे हेही त्यांनी अचूक ठरवले. २००४मध्ये आलेल्या स्काइपआउटमध्ये साध्या दूरध्वनीवर कॉल लावता येई आणि तेवढ्यापुरतेच शुल्क आकारले जाई, कारण टर्मिनेशनचा खर्च फक्त तिथेच येत होता. सप्टेंबर २००५मध्ये ईबे या ऑनलाइन खरेदी-विक्रीच्या कंपनीने सुमारे २.६ अब्ज डॉलरना स्काइप घेण्याचे जाहीर केले, तेव्हा त्याचे ५ कोटींहून अधिक नोंदणीकृत वापरकर्ते होते.

या रचनेची एक दुखरी बाजूही होती आणि ती १६ ऑगस्ट २००७ रोजी जगाला दिसली. विंडोजच्या नेहमीच्या अद्ययावतीकरणानंतर असंख्य संगणक थोड्या वेळात पुन्हा सुरू झाले, सुपरनोडांची संख्या एकदम घटली, उरलेल्यांवर प्रवेशाच्या विनंत्यांचा लोंढा आला आणि जाळ्याने स्वतःला सावरण्याची जी व्यवस्था होती तिच्यातला एक सुप्त दोष नेमका तेव्हाच उघडा पडला. सेवा पूर्ववत व्हायला सुमारे दोन दिवस लागले. लोकांच्या यंत्रांवर धंदा उभारला की ती यंत्रे केव्हा बंद पडावीत हे आपल्या हातात राहत नाही.

आता जूस्ट. २००६मध्ये ‘व्हेनिस प्रकल्प’ या नावाने गुपचूप सुरू झालेल्या या कामाला जानेवारी २००७मध्ये जूस्ट हे नाव मिळाले. संपूर्ण पडद्यावर दिसणारा, टीव्हीसारखा स्वच्छ व्हिडिओ, वापरणाऱ्यांच्या संगणकांमधून एकमेकांना पोहोचवलेला आणि जाहिरातींवर चालणारा, अशी ती कल्पना होती. काझाच्या वेळची ठेच लागलेली असल्यामुळे या वेळी हक्कधारकांना आधीच बरोबर घेतले गेले. फेब्रुवारी २००७मध्ये वायकॉम या अमेरिकी माध्यम कंपनीशी करार झाला आणि मे महिन्यात सिकोया व इंडेक्स या गुंतवणूक संस्था, सीबीएस ही टीव्ही कंपनी, वायकॉम आदींकडून ४.५ कोटी डॉलरचे भांडवल आले. सिस्को ही नेटवर्क उपकरणांची कंपनी सोडून आलेले माइक व्होल्पी मुख्याधिकारी झाले. कागदावर यात कुठेही उणीव दिसत नव्हती, आणि त्या काळी आमच्या क्षेत्रातल्या पुष्कळ अनुभवी लोकांना हाच उद्याचा टीव्ही वाटत होता, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

चाचणीच्या काळात कंपनीने स्वतःच सांगितलेला हिशेब असा होता की तासभर पाहिल्यास सुमारे ३२० मेगाबाइट खाली उतरतात आणि सुमारे १०५ मेगाबाइट वर जातात. याचे वेगात रूपांतर करून पाहा. खाली उतरण्यासाठी सेकंदाला सुमारे ७१० किलोबिट लागतात आणि वर चढण्यासाठी २३३ किलोबिट. म्हणजे प्रेक्षक जेवढे घेत होता त्याच्या एक तृतीयांशच परत देत होता. उरलेले दोन तृतीयांश कुठून तरी यायलाच हवेत, आणि ते कंपनीला आपल्या सर्व्हरवरूनच पुरवावे लागणार. तो एक तृतीयांश वाटाही त्या काळच्या अनेक घरगुती जोडण्यांचा वर जाणारा वेग जवळजवळ संपूर्ण गिळून टाकणारा होता. आवाजाच्या वेळी प्रत्येकजण आपला भार स्वतः उचलत होता असे मी वर म्हटले. व्हिडिओत ते गणितच जमत नव्हते.

त्यात आणखी एक भर पडते. एकाच वेळी असंख्य लोक एकच गोष्ट पाहत असतील, तर प्रेक्षकांनी प्रेक्षकांना पुरवठा करणे उत्तम जमते. जूस्टवर मात्र हवा तो कार्यक्रम हव्या त्या वेळी पाहायचा होता. हजारो कार्यक्रमांच्या साठ्यातला एखादा कमी पाहिला जाणारा भाग या क्षणी दुसऱ्या कुणाच्या संगणकावर असण्याची शक्यता फार कमी असते, आणि मग पुन्हा सर्व्हरकडेच जावे लागते. इंटरनेट कंपन्यांचाही अशा वाहतुकीला विरोध वाढत होता, कारण केबलच्या जाळ्यात वर जाणारी क्षमता शेजारपाजारच्या साऱ्या घरांत वाटलेली असते. अमेरिकेत कॉमकास्ट या केबल कंपनीने बिटटोरेंट या फाइल वाटून घेण्याच्या यंत्रणेची वाहतूक रोखल्याचे २००७मध्ये उघड झाले आणि पुढच्या वर्षी नियामकाला तिच्याविरुद्ध आदेश काढावा लागला.

तरीही समजा, की तंत्रज्ञानाने वहनाचा खर्च शून्यावर आणला असता. जूस्ट वाचले असते का? मला तसे वाटत नाही. दूरध्वनीच्या मिनिटातून वहनाचा खर्च आणि त्यावरचा नफा काढला की जवळजवळ काहीच उरत नाही, म्हणून स्काइप ते मिनिट फुकट देऊ शकले. टीव्हीच्या तासातून वहनाचा खर्च काढला, तरी लेखक, कलाकार, निर्माते, वाहिन्या आणि त्या प्रत्येकाचे देशागणिक वेगळे हक्क तसेच राहतात. वाहिन्यांनी जूस्टला सर्वांत लोकप्रिय आणि ताजे कार्यक्रम दिले नाहीत, आणि त्यांनी ते का द्यावेत? केबल कंपन्या त्यांना त्याच कार्यक्रमांचे रोख पैसे देत होत्या. पुढे वाहिन्यांनी स्वतःचेच दुकान मांडले. एनबीसी युनिव्हर्सल आणि न्यूज कॉर्प यांनी उभारलेले हुलू मार्च २००८मध्ये अमेरिकेत सर्वांसाठी खुले झाले, ब्राउझरमध्ये चालणारे आणि त्यांचेच कार्यक्रम असलेले. दुसऱ्या टोकाला यूट्यूब होते. तिथला बराचसा माल लोकांनी स्वतः आणलेला होता आणि वहनाचा प्रचंड खर्च नोव्हेंबर २००६पासून गूगलच्या खांद्यावर होता. तो उतरवण्याची खटपट करण्याऐवजी गूगलने तो सरळ सोसला. या दोघांच्या कात्रीत जूस्ट सापडले.

ब्राउझरचा मुद्दा मी मुद्दाम वेगळा काढतो. प्रेक्षकांचे संगणक पुरवठ्याला लावायचे तर वेगळे सॉफ्टवेअर उतरवून घ्यावेच लागते. स्काइपच्या वेळी लोकांनी ते आनंदाने केले, कारण समोर आपले माणूस होते आणि त्या माणसानेच ‘हे बसवून घे’ म्हणून सांगितलेले असे. एक अनोळखी कार्यक्रम पाहण्यासाठी कुणी सॉफ्टवेअर बसवत नाही, विशेषतः शेजारच्या टॅबमध्ये यूट्यूब लगेच सुरू होत असताना. जूस्टने २००८मध्ये ब्राउझरमध्ये चालणारी फ्लॅश आवृत्ती आणली. तिच्यासाठी ज्या जाळ्यावर कंपनी उभी होती तेच सोडून द्यावे लागले, आणि ती इतरांसारखीच एक साइट झाली. २००९च्या मध्यावर व्होल्पी मुख्याधिकारीपदावरून बाजूला झाले, पुष्कळ कर्मचारी कमी करण्यात आले आणि वर्षअखेरीस तिची मालमत्ता ॲडकॉनियन या जाहिरात कंपनीने घेतली.

जोल्टिडकडे परत येतो. ईबेने स्काइप घेतले तेव्हा त्याखालचे ग्लोबल इंडेक्स नावाचे तंत्रज्ञान घेतले नव्हते. ते जोल्टिडच्या मालकीचे होते आणि स्काइप ते परवान्यावर वापरत होते. ऑक्टोबर २००७मध्ये ईबेने या खरेदीपोटी सुमारे १.४ अब्ज डॉलरचा फटका हिशेबात मान्य केला आणि झेन्स्ट्रॉम मुख्याधिकारीपद सोडून गेले. सप्टेंबर २००९मध्ये ईबेने स्काइपचा मोठा हिस्सा सिल्व्हर लेकच्या नेतृत्वाखालच्या गुंतवणूकदारांना विकायचे ठरवले, तेव्हा परवान्याचा वाद न्यायालयात पेटला. नोव्हेंबरमध्ये तडजोड झाली. तंत्रज्ञान स्काइपकडे आले, संस्थापकांना १४ टक्के भाग मिळाला, आणि मे २०११मध्ये मायक्रोसॉफ्टने तीच कंपनी ८.५ अब्ज डॉलरना घेण्याचे जाहीर केले. या प्रकरणात मला पहिली चूक खरेदी करणाऱ्याची वाटते. ज्या इंजिनावर गाडी चालते ते इंजिन कुणाच्या नावावर आहे, हे अब्जावधी डॉलर मोजण्यापूर्वी पाहायलाच हवे होते. पण आपण उभारलेली आणि विकलेली सेवा बंद पडण्याच्या उंबरठ्यावर यावी इथपर्यंत हा वाद नेणे मला आजही पटत नाही, कारण तिच्यावर रोज आपल्या माणसांशी बोलणाऱ्यांचा त्या व्यवहाराशी काहीच संबंध नव्हता.

हक्कांच्या भिंतीवर ही जोडी आणखी एकदा आदळली. २०१०मध्ये त्यांनी रडिओ ही संगीत सेवा सुरू केली, सुरुवातीपासून रीतसर परवाने घेऊन आणि मासिक वर्गणी आकारून. आखणी देखणी होती, पण प्रत्येक गाण्यामागे पैसे चुकते करताना तग धरण्याइतका मोठा ग्राहकवर्ग तिला मिळाला नाही, आणि नोव्हेंबर २०१५मध्ये दिवाळखोरीचा अर्ज करून तिने आपली मालमत्ता ७.५ कोटी डॉलरना पँडोरा या दुसऱ्या संगीत सेवेला देऊ केली. झेन्स्ट्रॉम यांचे लक्ष तोवर मुख्यतः ॲटोमिको या त्यांनी २००६मध्ये लंडनमध्ये स्थापन केलेल्या गुंतवणूक संस्थेकडे गेले होते. फ्रीस यांनी २०१४मध्ये हेइन्ला यांच्यासोबत स्टारशिप टेक्नॉलॉजीज काढली, जी सामान पोहोचवणारे लहान रोबो बनवते.

प्रश्नकर्त्याला माझे सांगणे असे की जूस्टकडे पाहताना स्काइपचाच दुसरा टप्पा नजरेआड करू नये. २००६च्या सुरुवातीला स्काइपच्या दुसऱ्या आवृत्तीत व्हिडिओ कॉल आला, आणि झेन्स्ट्रॉम यांच्या हातून ऑनलाइन व्हिडिओत जे खरे यश आले ते हेच होते. दोन माणसे एकमेकांना आपलेच चेहरे दाखवत होती, हक्काचा प्रश्नच नव्हता, आणि चित्र लहान व थोडे अडखळणारे असले तरी समोर आपले माणूस आहे म्हणून कुणाची तक्रार नव्हती. सुपरनोडांची मूळ रचना मात्र टिकली नाही. वापर मोबाइलकडे सरकू लागला तशी ती अवघड झाली, कारण खिशातला फोन बॅटरीवर चालतो आणि दुसऱ्यांचे कॉल वाहण्याचे काम त्याला सांगता येत नाही. २०१२मध्ये मायक्रोसॉफ्टने सुपरनोड स्वतःच्या डेटा सेंटरमध्ये हलवले. ५ मे २०२५ रोजी स्काइप बंद झाले. त्याच्यासाठी २००९मध्ये तयार केलेला सिल्क हा आवाजाचा कोडेक मात्र २०१२मध्ये ओपस या खुल्या मानकाचा एक भाग झाला, आणि वेबआरटीसी हे ब्राउझरमधूनच थेट कॉल करण्याचे तंत्र वापरणाऱ्या प्रत्येक ब्राउझरला ओपस ठेवणे बंधनकारक आहे. त्यामुळे कुठलेही सॉफ्टवेअर न बसवता ब्राउझरमधून लावलेल्या कॉलमध्ये आज जो आवाज ऐकू येतो, त्यात बहुतेक वेळा त्या कामाचा अंश असतो.